मेंबरचं वेगळं पातेलं

अण्णा मीठ चमच्यानं घालत नसत. मूठ डब्यात जायची, भरून बाहेर यायची आणि पातेल्यावर उघडायची. मग चवही न बघता ते पुढच्या कामाला लागायचे. चव बघणाऱ्याचा हात कच्चा असतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या खानावळीत मी तीन वर्षं दोन्ही वेळा जेवले आणि एवढं मात्र खरं सांगते, त्यांच्या हातचा रस्सा एक दिवसही बिघडला नाही. तो रोज तितकाच खारट, तितकाच तिखट आणि तितकाच चांगला असायचा. त्या चांगल्या जेवणाबद्दल पुढं माझ्या मनात जी अढी बसली, ती अजून गेलेली नाही.

विमा कंपनीच्या निपाणी शाखेत माझी बदली झाली तेव्हा बेळगावहून रोज ये-जा करणं झेपणारं नव्हतं. ऑफिसातल्या एकानं ह्या खानावळीच्या वरची खोली सुचवली. स्टँड जवळ, मालक सज्जन आणि जेवणाची चिंता नाही. तिन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. सज्जन ह्या शब्दात काय काय बसतं, ते मात्र मला तिथंच कळलं.

अण्णा साठीच्या आतबाहेरचे होते. काटकुळे, उंच, अंगात पांढरी बनियन, खांद्यावर टॉवेल. बोलणं कमी आणि ठाम. दारावरच्या पाटीवर वर कन्नडमध्ये मोठ्या अक्षरांत आणि खाली मराठीत बारीक अक्षरांत खानावळीचं नाव होतं. त्याच्याखाली त्यांनी स्वतः रंगवून घेतलेली ओळ होती, ‘मालक जेवतो तेच गिऱ्हाईक जेवतं.’

ही ओळ म्हणजे नुसती जाहिरात नव्हती. दुपारी गर्दी भरात असताना अण्णा हातातला डाव ठेवायचे, हात धुवायचे आणि रस्त्याकडच्या पहिल्या टेबलावर बसायचे. त्यांच्या समोर त्यांची बायको. तिला सगळी निपाणी आक्का म्हणायची, मीही म्हणायचे. दोघांची ताटं गिऱ्हाईकांच्याच पातेल्यातून वाढली जायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं दोघं जेवायचे. आणि पायरीवर, ॲल्युमिनियमच्या थाळीत, तेच जेवण एक तांबडा गावठी कुत्रा जेवायचा.

खानावळीत महिन्याचं ताट लावणाऱ्याला मेंबर म्हणतात. हा कुत्रा कुणी न बोलावता आला आणि दोन्ही वेळा पायरीवर हजर राहू लागला, म्हणून त्याचंही नाव मेंबर पडलं. अण्णांचा त्याच्यावर जीव होता. स्वतःचं ताट घ्यायच्या आधी ते त्याची थाळी भरायचे. भात, भाकरीचे तुकडे, वर कांदा-लसणाच्या चटणीचा लालभडक रस्सा. रविवारी गोड असलं तर गोडही. ‘ह्या दारात आलेल्याला दुसरं जेवण न्हाय,’ असं ते अभिमानानं सांगायचे. ‘पोट सगळ्यांचं एकच.’

ह्या एका पातेल्याच्या हट्टामागं एक दुखणं होतं, ते मला आक्कांनी सांगितलं. मी येण्याच्या काही वर्षं आधी एका ट्रक ड्रायव्हरला इथं जेवल्यावर वाटेत उलट्या झाल्या. जेवणानं झाल्या की आणखी कशानं, कुणास ठाऊक. पण मोबाइलवरच्या ग्रुपांत बातमी फिरली की इथं शिळं मटण वाढतात, मालक स्वतः मात्र घरचं वेगळं जेवतो. आठवड्यात खानावळ ओस पडली. अण्णा दारात उभे राहून रिकाम्या बाकांकडं बघायचे. त्यांनी कुणाशी भांडण केलं नाही, कुठं तक्रार केली नाही. एक दिवस पुढचं टेबल दाराशी ओढलं, बायकोला हाक मारली आणि म्हणाले, ‘आजपासनं आपण हितं जेवायचं.’ हळूहळू माणसं परत आली. तेव्हापासून आक्कांनी आपल्या स्वयंपाकघरात बसून घास खाल्ला नव्हता.

अण्णांना त्या दिवसांची धास्ती होती, आणि धास्तीचं त्यांनी तत्त्व करून टाकलं होतं. एक मास्तर काविळीतून उठून आले आणि चार दिवस साधं वरण मागू लागले, तर अण्णा शांतपणे म्हणाले, ‘मास्तर, दवाखाना पलीकडच्या गल्लीत हाय.’ ॲसिडिटीवाल्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्यानं तिखट कमी मागितलं, त्याला त्यांनी ताक दिलं, पण रस्सा तोच वाढला. लोक हसून घ्यायचे. माणूस विक्षिप्त आहे पण हात सोन्याचा आहे, असं म्हणत परत यायचे. मीही हसत असे.

आक्कांचे पाय सुजायचे. संध्याकाळी भाकऱ्या थापून उठल्या की त्या भिंतीला धरून उभ्या राहायच्या. घोट्याजवळ बोट दाबलं तर खळगा तसाच राहायचा. एकदा मीच त्यांना डॉक्टरांकडं नेलं. रक्तदाब बराच होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, मीठ अगदी कमी करा, लोणचं-पापड बंद, खानावळीचं तर खाऊच नका.

‘खानावळ माझीच हाय की,’ आक्का म्हणाल्या.

‘मग सोपं आहे,’ डॉक्टर म्हणाले, ‘स्वतःपुरतं वेगळं शिजवा.’

परत आल्यावर, दुपारी गर्दी ओसरली तेव्हा आक्कांनी माझ्यासमोरच विषय काढला. मी समोर असले तर ते ऐकतील असं त्यांना वाटलं असावं.

‘डॉक्टर म्हणत्यात, अळणी खा. मी एक लहान पातेलं वेगळं ठेवू काय?’

अण्णा भांडी पुसत होते. त्यांनी वर बघितलं नाही. ‘आणि बसणार कुठं?’

‘हितंच बसते की. माझ्या ताटात काय हाय ते कोण बगतंय.’

‘सगळी बगतात. मालकाची बायको वेगळं खायला लागली म्हणतील. जेवणात कायतरी असंल म्हणतील. परत तेच पायजे काय तुला?’

‘मग आत बसून खाते.’

‘आत बसलीस तर इचारतील, मालकीण कुठाय.’ त्यांचा आवाज चढलेला नव्हता. गणित समजावून सांगावं तसं ते सांगत होते. ‘गोळ्या दिल्यात न्हवं? गोळ्या घे. पोट सगळ्यांचं एकच असतंय.’

मी मध्ये बोलले. रक्तदाब, मूत्रपिंड, झटका, जे जे मला माहीत होतं ते सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘मॅडम, तुमी शिकलेल्या माणसांनी आजार लई वाढवून ठेवल्यात.’

मग आक्कांनी आपल्या परीनं वाट काढली. रस्सा ताटात घ्यायच्या, पण भाकरी त्याच्या कडेलाच टेकवून कोरडी खायच्या. रश्श्याची वाटी उचलायच्या, ओठांपर्यंत न्यायच्या आणि तशीच खाली ठेवायच्या. अण्णांच्या ते लक्षात आलं. ते जेवता जेवता हळूच म्हणायचे, ‘भिजवून खा. लोक बगतात.’ आक्का भिजवून खायच्या.

असं दीड-दोन वर्षं चाललं. मग मेंबर आजारी पडला.

आधी तो पायरीवर उशिरा येऊ लागला. मग येऊन नुसता पडून राहू लागला. जेवण हुंगायचा आणि मान फिरवायचा. लघवी काळपट लाल व्हायला लागली तेव्हा अण्णा घाबरले. भर दुपारी त्यांनी शेगडी बंद केली. मी तीन वर्षांत ते एकदाच पाहिलं. गिऱ्हाईकांना ‘आज भाकरी-आमटीवर भागवा’ म्हणून सांगितलं आणि कुत्र्याला पोत्यावर घालून रिक्षात ठेवलं. मी सुट्टीवर होते, बरोबर गेले.

जनावरांचे डॉक्टर चिकोडीकडच्या जैन शेतकरी घरातले होते. तरुण, सावकाश बोलणारे, मराठी बोलताना ‘होय’ ऐवजी मध्येच कन्नड ‘हौद्री’ म्हणणारे. त्यांनी मेंबरचा वरचा ओठ उचलला, रक्त काढून तपासलं आणि विचारलं, ‘ह्याला खायला काय देता?’

‘आमी खातो तेच,’ अण्णा म्हणाले. ‘एका पातेल्यातलं.’

‘कांदा असतो त्यात? लसूण?’

‘खानावळ हाय माझी. कांद्या-लसणाबिगर कसं चालंल?’

‘तेच झालंय. कांद्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. कच्चा असू दे, शिजलेला असू दे, चटणीतला असू दे, फरक पडत नाही. रोज थोडा थोडा गेला तरी साठत जातं. आपण पचवतो. त्याला नाही पचत.’

अण्णांचा चेहरा बदलला. मला वाटलं ते खजील झाले. पण तसं नव्हतं. ‘डॉक्टर,’ ते म्हणाले, ‘तुमी कांदा-लसूण खात न्हाई. तुमचा धर्म हाय, माझं काय म्हणणं न्हाई. पण म्हणून माझ्या कुत्र्यानंबी सोडायचा व्हय?’

डॉक्टर चिडले नाहीत. हसलेही नाहीत. ‘मी ह्याला चिकन आणि काळीज खायला सांगणार आहे,’ ते म्हणाले. ‘माझ्या धर्मात ते तर कांद्याहून वाईट.’

मग त्यांनी अण्णांचा हात धरून मेंबरच्या हिरडीवर ठेवला. ‘दाबा. ही गुलाबी असायला पाहिजे. बघा कशी आहे.’

हिरडी भिंतीच्या चुन्यासारखी होती. अण्णांनी बोट काढलं नाही. बराच वेळ ते तसेच वाकून उभे होते. डॉक्टर समजावत होते. कुत्र्याच्या लाळेत भात-भाकरी पचवायला सुरुवात करणारा रसच नसतो. तो चावून खात नाही, गिळतो. आपल्याला लिंबू-आवळ्यातनं जे जीवनसत्त्व घ्यावं लागतं ते तो स्वतःच्या अंगात तयार करतो. उलट मांस आणि कॅल्शियम त्याला वजनाच्या मानानं आपल्यापेक्षा कितीतरी जास्त लागतं. म्हणून आपलं उरलंसुरलं खाऊन तो जगतो, पण धड जगत नाही. मीठ-तिखट नको, मनुका-द्राक्षं नकोत, चॉकलेट नको, शिजवलेली हाडं नकोत, ती फुटून आतड्यात रुततात.

‘म्हंजे माझ्या हातचं खाऊन हे झालं,’ अण्णा म्हणाले.

‘हौद्री. पण थांबवलं तर बरा होईल.’

परतीच्या वाटेवर त्यांनी मेंबरचं डोकं मांडीवर घेतलं होतं. डोळ्यांत पाणी होतं. ते पाणी खरं होतं, हे मला आजही नाकारता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या अंगणात वेगळी शेगडी आली. नवं पातेलं आलं. त्याला खानावळीतला डावसुद्धा लागू द्यायचा नाही, असा हुकूम सुटला. चिकन, थोडं काळीज, लाल भोपळा, मूठभर भात, सगळं मिठाशिवाय. अंड्यांची कवचं धुऊन, वाळवून ते मिक्सरला लावायचे आणि ती पांढरी पूड बोटांनी चोळून बघायचे, कच लागते का. मूठ भरून मीठ टाकणारा हा माणूस कुत्र्याच्या जेवणात पूड घालताना चहाचा चमचा सपाट करून घ्यायचा.

मेंबर महिन्याभरात उठून उभा राहिला. अण्णांना तर नवा धर्मच सापडला. आता ते गिऱ्हाईकांना थांबवून सांगायचे. ‘कुत्र्याचं पोट वेगळं असतंय. आपलं त्याला चालत न्हाई. तुमच्या घरात कुत्रं हाय? चपाती-दूध घालतासा? मारणार बगा त्याला.’ काविळीवाले मास्तर एकदा म्हणाले, ‘अण्णा, मग माझं पोटही तेव्हा वेगळं होतं की हो.’ अण्णांनी त्यांच्याकडं असं बघितलं, जणू मास्तर कन्नड-मराठी सोडून तिसऱ्याच भाषेत बोलले.

आक्का हे सगळं बघत होत्या. भोपळा त्याच चिरून द्यायच्या. कवचं त्याच वाळत घालायच्या. एका सकाळी मी ऑफिसला निघताना त्या अंगणात बसून काळजाचे तुकडे करत होत्या. मी म्हटलं, ‘मेंबरचा थाट आहे.’

‘व्हय,’ त्या म्हणाल्या. ‘त्याचं डॉक्टर बरं भेटलं त्याला.’

त्यानंतरच्या एका रविवारची गोष्ट. खानावळ भरलेली होती, मीही कोपऱ्यातल्या टेबलावर होते. अण्णा हात धुऊन पुढं येऊन बसले. आक्का आतून आल्या त्या आपलं ताट वाढून घेऊनच आल्या. ताटात भोपळा घातलेला पांढरट भात होता आणि चिकनचे फिके तुकडे. त्या बसल्या आणि खायला लागल्या. घाई नव्हती, लपवाछपवी नव्हती.

अण्णांचा घास हातातच राहिला. ‘हे कुठलं?’

‘मागच्या पातेल्यातलं.’

‘ते कुत्र्याचं हाय.’

‘व्हय. त्यात मीठ नसतंय.’

शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघू लागली. अण्णांनी आवाज खाली आणला. ‘लोक बगतात गं.’

‘बगू द्यात. कुत्र्याचं पोट वेगळं असतंय हे तुमी समद्या गावाला सांगता. माझं इचारलं तर कवा पटलं न्हाई तुमास्नी.’

एवढंच. त्यांनी ताट संपवलं, उचललं आणि आत गेल्या. मला वाटलं होतं आता काहीतरी होईल. हा माणूस उठेल, निदान शरमेनं खाली बघेल. अण्णांनी उरलेला भात कालवला, जेवण पुरं केलं आणि उठून गिऱ्हाईकांना वाढायला लागले.

त्या संध्याकाळी त्यांनी तोडगा काढला. तो त्यांनी मला मोठ्या समाधानानं सांगितला. आक्कांनी यापुढं आत बसून जेवायचं. गुडघेदुखीनं बाहेर बसवत नाही, असं लोकांना सांगायचं. आणि मागच्या पातेल्यात रोज थोडं जास्त शिजवायचं. ‘तिलाबी अळणी पायजे, त्यालाबी अळणी पायजे,’ ते म्हणाले. ‘दोघांचं भागतंय. तिसरं पातेलं कशाला?’

मी म्हटलं, ‘अण्णा, त्या तुमच्या बायको आहेत.’

‘मग? त्यात चांगलं चिकन हाय. काळीज हाय. मी काय वाईट घालतोय काय?’

आणि आक्कांनी ते मान्य केलं. मला राग आला होता, त्यांच्यावरसुद्धा. त्या म्हणाल्या, ‘मॅडम, आत बसून खायला मिळतंय. लई वर्षांनी पाय पसरून जेवते मी.’

काही आठवडे असेच गेले. मग एकदा जनावरांचे डॉक्टर गावातून जाताना मेंबरला बघायला थांबले. अण्णांबरोबर मागच्या अंगणात गेले तर मेंबर थाळीत खात होता आणि पायरीवर बसून आक्का ताटात तेच खात होत्या. डॉक्टर उभेच राहिले. मी वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

‘हे तुम्ही खाता?’

‘अळणी असतंय,’ आक्का म्हणाल्या.

‘रोज?’

त्यांनी मान डोलावली. डॉक्टरांची नजर त्यांच्या पायांकडं गेली. सूज आता घोट्याच्या वर चढली होती. ‘मी जनावरांचा डॉक्टर,’ ते म्हणाले. ‘माणसाचं मी सांगू नये. पण हे खाऊ नका. हे त्याच्या गरजेनं बेतलंय. एवढं मांस, काळीज, कवचाची पूड त्याला लागते. तुमच्या मूत्रपिंडावर ताण आला असेल तर तुम्हाला ह्याच्या बरोबर उलट लागेल. आधी रक्त तपासून घ्या.’ मग अण्णांकडं वळून म्हणाले, ‘तुमचं त्याला चालत नाही हे तुम्हाला पटलं. त्याचं ह्यांना चालत नाही, हे कसं पटलं नाही?’

अण्णा म्हणाले, ‘अळणी हाय की, डॉक्टर.’

रक्त तपासलं. मूत्रपिंडं बरीच गेलेली होती. बेळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं की हे दोन-चार आठवड्यांचं काम नाही, वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाचं आणि मिठाचं आहे. कुत्र्याच्या जेवणानं त्यात भर पडली असेल, फार नाही. अण्णांनी त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं उचललं. जो भेटेल त्याला सांगू लागले, ‘डॉक्टर म्हणाले, जेवणानं काय झालं न्हाई.’

आक्कांची मुलगी बेळगावजवळच्या येळ्ळूरला दिलेली होती. नवरा उद्यमबागेत कारखान्यात, स्वतः शिवणकाम करणारी. ती आली, आईची दोन पातळं आणि गोळ्या पिशवीत भरल्या आणि आईला घेऊन निघाली. अण्णा दारापर्यंत आले. ‘कवा धाडणार?’ त्यांनी विचारलं. मुलीनं रिक्षावाल्याला ‘चला’ म्हटलं.

त्याच सुमाराला माझी बदली परत बेळगावला झाली. तिथल्या कॅम्प भागात आमचं घर आहे, तिथून येळ्ळूर लांब नाही. मी अधूनमधून आक्कांना भेटायला जायचे. मुलीनं त्यांच्यासाठी छोटी पातेली ठेवली होती. भाज्या चिरून, क्षार उतरावेत म्हणून पाण्यात उकळून, ते पाणी टाकून ती शिजवायची. डाळ जेमतेम. जेवण बेचव होतं हे आक्का हसत सांगायच्या. पायांची सूज थोडी उतरली होती, चेहऱ्यावर मात्र माती फासल्यासारखा रंग आला होता. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जावं लागायचं.

एका सकाळी अण्णा कॅम्पात माझ्या दारात उभे राहिले. हातात स्टीलचा डबा. ‘येळ्ळूरला यायचं काय माझ्यासंगं?’ ते म्हणाले. ‘पोरगी दारात उभं करणार न्हाई. तुमी असला तर करंल.’

मी गेले. त्यांना उपरती झाली असेल असं मला वाटलं होतं. माणसाला असं वाटतं.

आक्का पुढच्या सोप्यात बसल्या होत्या. मुलगी शिवणाच्या मशीनवरून उठली नाही, पण अडवलंही नाही. अण्णा समोर बसले, डबा मध्ये ठेवला.

‘रस्सा आणलाय. मीठ जरा कमी घातलंय आज.’

आक्कांनी डब्याला हात लावला नाही. ‘मेंबर कसा हाय?’

‘झकास हाय. केस असं चकाकतात.’

‘पातेलं वेगळंच हाय न्हवं त्याचं?’

‘म्हंजे काय. एक दिवस चुकवला न्हाई.’

मग अण्णा म्हणाले, ‘कवा येतीस? लोक इचारतात. गिऱ्हाईक कमी झालंय. तू पुढं बसलेली दिसत न्हाईस, मग लोकांच्या मनात येतंय. जेवायला नको, नुसती बस. ताट म्होरं ठिवून.’

आक्का म्हणाल्या, ‘एवढ्यासाठी आलासा?’

‘मग कशासाठी?’ अण्णांनी विचारलं. त्या विचारण्यात काहीही लबाडी नव्हती.

‘जावा तुमी,’ आक्का म्हणाल्या. ‘दुपारची गर्दी व्हायची येळ झाली.’

ते उठले. डबा तिथंच राहिला. परतीच्या बसमध्ये त्यांनी मला विचारलं, ‘रागावली हाय काय हो?’ मग ते खिडकीतून बघत, आपल्याशीच बोलावं तसं, मेंबरला आता काळीज किती कमी करायचं ते सांगू लागले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वय झालं की कुत्र्याचा खुराक बदलावा लागतो.

आक्का पुढं वर्षभर होत्या. येळ्ळूरलाच गेल्या. अण्णा शेवटच्या कार्याला आले, कोपऱ्यात उभे राहिले, मुलीनं पाणी दिलं ते प्याले आणि संध्याकाळच्या बसनं परतले.

अलीकडं ऑफिसच्या कामानं निपाणीला गेले होते. जेवायची वेळ होती. पाय आपसूक तिकडं वळले. खानावळ चांगली भरलेली होती. गल्ल्याच्या वर आक्कांचा मोठा फोटो लावलेला होता, त्याला चंदनाचा हार. अण्णा थकले होते, पण डाव त्यांच्याच हातात होता. मला बघून खूश झाले, कोपऱ्यातलं टेबल पुसून दिलं, स्वतः ताट वाढलं.

रस्त्याकडच्या पहिल्या टेबलावर महामार्गावरून आलेलं एक कुटुंब बसलं होतं. त्यातल्या माणसानं फोटोकडं बघून विचारलं, ‘मालकीणबाई का?’

‘व्हय,’ अण्णा म्हणाले. ‘आमची मंडळी. अख्खा जन्म हितंच जेवली. तुमी बसलाय न्हवं, तिथंच बसायची. शेवटच्या दिवसापर्यंत ह्याच पातेल्यातलं खाल्लं. कवा काय झालं न्हाई तिला.’

तो माणूस पत्नीला म्हणाला, ‘बघ, म्हणून म्हणतो, असल्या ठिकाणी बिनधास्त जेवावं.’

मी अण्णांच्या चेहऱ्याकडं बघत होते. खोटं बोलताना माणूस कुठं तरी अडखळतो, निदान डोळे हलतात. त्यांचं काहीच हललं नाही. सांगून सांगून त्यांचाच त्याच्यावर विश्वास बसला होता.

‘त्या येळ्ळूरला वारल्या,’ मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. ‘लेकीकडं.’

त्या माणसानं माझ्याकडं बघितलं, मग अण्णांकडं. अण्णा हसले. ‘मॅडम जुन्या मेंबर हायत आमच्या,’ ते म्हणाले आणि त्याच्या वाटीत आणखी रस्सा घातला. तो जेवू लागला.

माझं ताट तसंच होतं. मी पाणी प्यायले आणि हात धुवायला म्हणून मागच्या अंगणात गेले. तिथं मेंबर आपल्या पातेल्यातलं खात होता. तोंडाभोवती थोडा पांढरा झाला होता, एवढंच. तब्येत उत्तम होती.